मार्क कापा, पण आधी ते ठिपके नीट बघा

आज तपासलेले पेपर मुलांच्या हातात पडले आणि तेव्हापासून माझं डोकं सणकलंय. माझ्या वर्गातल्या एका मुलीला एका प्रश्नात चारपैकी एक गुण. प्रश्न काय, तर १ पासून ९९ पर्यंतच्या सगळ्या विषम संख्यांची बेरीज करा. उत्तर २५००. तिचंही २५००च. आणि शेजारी लाल शाईत शेरा, "सूत्र नाही, पायऱ्या नाहीत."

तिने काय केलं होतं ते सांगते. कोपऱ्यात एक ठिपका. त्याच्या दोन बाजूंना लगटून तीन ठिपके, झाला दोन बाय दोनचा चौरस. त्याला तसेच आणखी पाच, झाला तीन बाय तीनचा. मग सात. तिथे थांबून खाली एकच ओळ: "प्रत्येक पुढची विषम संख्या चौरसाची बाजू एकने वाढवते, ९९ ही पन्नासावी, म्हणून ५० × ५०." अंकगणिती श्रेढीचं, म्हणजे सारख्या फरकाने वाढत जाणाऱ्या संख्यांच्या बेरजेचं, सूत्र घडाघडा म्हणणाऱ्या मुलांना विचारा, ही बेरीज नेहमी पूर्ण वर्गच का येते. गप्प बसतील. हिला ते दिसलं. कुणीही शिकवलेलं नसताना!

पायऱ्यांना गुण असतात, मान्य. त्या मी तिच्याकडून घोटून घेईन. नुसती आकृती म्हणजे सिद्धता नव्हे, असंही स्टाफरूममध्ये ऐकवलं गेलं. नसेल. पण त्या एका ओळीत अख्खं कारण लिहिलंय हो! ते वाचायलाही आपल्याला वेळ नसेल तर आपण गणित कशाला शिकवतो? पोरगी मला म्हणाली, "बाई, पुढच्या वेळी सूत्रच लिहीन." तिथे माझा संयम सुटला.

अशा वेळी मला एक शिक्षक आठवतात. नॉर्वेचा थोर गणितज्ञ नील्स आबेल मुलगा असताना त्याच्या शाळेत १८१८ साली होल्म्बो नावाचे तरुण गणित शिक्षक आले. या मुलाचं पाणी त्यांनी ओळखलं, त्याला ऑयलर, लाग्रांज अशा मोठ्या गणितज्ञांचं लेखन वाचायला लावलं, वडील गेल्यावर त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी खटपट केली. १८२४ मध्ये आबेलने सिद्ध केलं की द्विघाती समीकरणासारखं, वर्गमूळ, घनमूळ अशी मुळं काढून उत्तर देणारं सर्वसाधारण सूत्र पाचव्या घाताच्या समीकरणासाठी असूच शकत नाही. १८२९ मध्ये, अवघ्या सव्विसाव्या वर्षी, तो क्षयाने गेला. त्याचं लेखन गोळा करून १८३९ मध्ये छापलं ते याच होल्म्बोंनी. शिष्य आपल्या फार पुढे गेलाय हे कळूनही ते त्याच्या पाठीशी उभे राहिले. मला आबेलइतकाच त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

माझी विद्यार्थिनी आबेल आहे असं मी म्हणत नाहीये. पण मधल्या सुट्टीत मी तिला विचारलं, "आणि सम संख्या घेतल्या तर गं?" पडलेल्या चेहऱ्यानेच तिने वहीच्या मागच्या पानावर ठिपके मांडले. दोन, मग त्याभोवती चार, मग सहा. "बाई, आयत होतोय! एक बाजू एकने मोठी." मग स्वतःच पुढे, "१०० पर्यंत म्हणजे ५० × ५१, २५५०." आणि खुदकन हसली. हे लिहितानाही मला भरून येतंय.

गुणांसाठी उद्या मी पेपर तपासणाऱ्यांशी बोलणारच आहे. तुमच्यापैकी कुणाकडे संख्यांवरची, भूमितीची, कोड्यांची जुनी पुस्तकं पडून असतील तर मला मेसेज करा. मी येऊन घेऊन जाईन. समासात कुणी पेन्सिलीने खरडलेली असतील तर फारच उत्तम, तिला ते वाचायला आवडतं.