हाजीला कोचिंग जमलं नाही म्हणे!

फुटबॉलवाल्यांच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड काही केल्या मरत नाही: ‘मोठा खेळाडू मोठा कोच होत नाही. रोमानियाचा घेऑर्गे हाजी बघा. रोमानियाला वर्ल्ड कपला नेता आलं नाही, तुर्कीच्या गालातासराय क्लबने हाकललं, शेवटी क्लब विकत घेऊन स्वतःलाच कोच नेमलं, तेही पोराला खेळवायला!’

१९९४च्या वर्ल्ड कपात कोलंबियाविरुद्ध डाव्या टचलाइनजवळून गोलकीपरच्या डोक्यावरून चेंडू टाकणारा हाजी माझा लाडका, हे आधीच सांगून टाकतो. पण लाड बाजूला ठेवूनही हिशोब जुळत नाही.

वर्ल्ड कपचं खरं आहे. २००१च्या प्लेऑफमध्ये स्लोव्हेनियाने रोमानियाला एकूण ३-२ने बाहेर काढलं. फक्त हाजीने बूट उतरवले होते त्याच वर्षी, आणि पात्रता फेरी अर्ध्यात असताना आधीचा कोच बोलोनी पोर्तुगालला निघून गेल्यावर संघ त्याच्या गळ्यात पडला होता. अनुभव शून्य, हातात मोजके सामने.

गालातासरायला तो कोच म्हणून दोनदा गेला. दुसरी खेप, २०१०-११ची, फसली. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पहिल्या खेपेचं मात्र फॉरवर्डवाले सोयीस्कर विसरतात. मे २००५मध्ये तुर्की कपच्या फायनलमध्ये त्याच्या संघाने फेनरबाचेला ५-१ धुतलं. कट्टर वैऱ्याला, फायनलमध्ये, पाच! त्या संघात तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला, पुढे फ्रान्सचा स्टार झालेला रिबेरी होता.

आता ‘विकत घेतलेला’ क्लब. विइतोरुल, म्हणजे ‘भविष्य’, हा क्लब हाजीने २००९मध्ये स्वतः उभा केला. कॉन्स्टान्त्साजवळच्या ओविदिऊ या छोट्या गावात, सोबत पोरांसाठी अकादमी. सुरुवात तिसऱ्या श्रेणीतून, २०१२ला पहिल्या श्रेणीत. २०१७मध्ये लीगमध्ये बुखारेस्टच्या एफसीएसबी क्लबइतकेच गुण झाले, आपसातल्या सामन्यांवर विजेतेपद विइतोरुलला मिळालं. एफसीएसबीने क्रीडा लवादापर्यंत धाव घेतली, तिथेही हरले. आणि मालकच कोच असला म्हणून काय झालं? मालक काय, पॉइंट टेबलला ओळखीने नंबर लावतो?

पोराचा मुद्दा तर फारच गमतीशीर आहे. यानिस २०१६च्या उन्हाळ्यातच फिओरेन्तिनाला गेला होता. म्हणजे बापाने लीग जिंकली ती पोरगा इटलीत असताना! तो परतला २०१८मध्ये.

पुढे २०२१मध्ये विइतोरुल फारुलमध्ये विलीन झाला. फारुल म्हणजे हाजी जिथे लहानाचा मोठा झाला तो कॉन्स्टान्त्साचा जुना क्लब, ज्याने लीग कधीच जिंकली नव्हती. मे २०२३मध्ये ओविदिऊच्या मैदानावर पुन्हा समोर एफसीएसबी. फारुल ०-२ने मागे होता. सामना ३-२ने जिंकला आणि लीगही. बाकावर कोच हाजी.

आणि १७ जून २०२४, म्युनिक, युरो म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. रोमानियाने युक्रेनला ३-० हरवलं. पहिला गोल स्तान्चूचा. दुसरा रझवान मारिनचा, लांबून मारलेला, युक्रेनचा गोलकीपर लुनिनला चकवून गेलेला. तिसरा देनिस द्रागुशचा. मारिन आणि द्रागुश, दोघंही हाजीच्या अकादमीतून आलेले. रोमानियाने युरोत त्याआधीचा सामना जिंकला होता २०००मध्ये, आणि त्या स्पर्धेत रोमानियाचा कॅप्टन होता हाजी.