ई-कॅडहेरिनसाठी अचूक अनुक्रम आणि जेलवरची शुद्धता पुरेशी नाही

उंदराचे ई-कॅडहेरिन हे पेशींना एकमेकींशी जोडणारे प्रथिन पुनर्संयोजित रूपात, म्हणजे त्याचे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेऊन, वापरणाऱ्यांमध्ये एक दावा सर्रास सांगितला जातो. अमिनो आम्लांचा अनुक्रम बरोबर असेल आणि जेलवर, म्हणजे प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर, शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक दिसत असेल, तर प्रथिन कोणत्या पेशीत बनवले आणि कोणत्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ठेवले याने फरक पडत नाही, असे त्यात म्हटले जाते. त्याला जोडूनच, उंदराचे आणि माणसाचे प्रथिन जवळजवळ सारखे असल्याने एकाच्या जागी दुसरे चालते, असेही सांगतात. हा दावा मला घातक वाटतो, कारण त्यावर विसंबून केलेला प्रयोग फसला की दोष प्रथिनाला न देता पेशींना दिला जातो.

अनुक्रमाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ई-कॅडहेरिन पेशीत आधी पूर्वरूपात तयार होते. त्याच्या टोकाला सुमारे १३० अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो आणि फ्युरिनसारखे विकर तो कापून टाकते. कापल्यानंतर उघड्या पडणाऱ्या टोकाशी पहिले अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि दुसरे ट्रिप्टोफॅन असते. समोरच्या पेशीवरच्या रेणूतील खाचेत हे ट्रिप्टोफॅन बसते आणि समोरच्याचे ट्रिप्टोफॅन याच्या खाचेत बसते. दोन पेशींची पकड याच देवाणघेवाणीवर उभी असते. पूर्वतुकडा कापला गेला नाही तर ही पकड जमत नाही. ई. कोलाय जीवाणूत बनवलेल्या तुकड्याच्या आरंभी एखादे मेथिओनिन शिल्लक राहिले तरीही ती बिघडते, कारण पहिल्या अमिनो आम्लाचा मोकळा अमिनो गट स्वतःच्याच रेणूतील ग्लुटामिक आम्लाशी जो बंध जोडतो, त्याला जागा उरत नाही. म्हणजे बाकीचा शेकडो अमिनो आम्लांचा अनुक्रम निर्दोष असूनही आरंभीच्या एका जादा अमिनो आम्लामुळे प्रथिन निकामी ठरू शकते. म्हणूनच सस्तन पेशींत बनवलेले आणि आरंभीचा अनुक्रम प्रत्यक्ष तपासलेले प्रथिन घ्यावे. माझ्या मते ही तपासणी माहितीपत्रकात शुद्धतेच्या आकड्याच्या आधी छापली गेली पाहिजे.

जेलवरची शुद्धता या बाबतीत फारसे काही सांगू शकत नाही. एसडीएस (प्रथिन उलगडणारे एक डिटर्जंट) जेलवर चढवण्यापूर्वी प्रथिन तापवून त्याच्या घड्या उलगडलेल्या असतात, त्यामुळे घडी बरोबर होती की नाही याचा पुरावा तिथेच नष्ट होतो. पूर्वतुकडा न कापलेले रूप थोडे वर दिसते खरे, पण साखरेच्या साखळ्या जोडल्यामुळेही पट्टी वर सरकते आणि पसरते, म्हणून या दोन्हींची गल्लत होते.

बफरचा मुद्दा तर या प्रथिनाच्या शोधाच्या इतिहासातच आहे. मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये पेशींच्या चिकटण्याच्या दोन पद्धती वेगळ्या दाखवल्या, त्यांतील एक कॅल्शियमवर अवलंबून होती, आणि पुढे कॅडहेरिन हे नाव त्याच पद्धतीतील प्रथिनांना मिळाले. ई-कॅडहेरिनच्या पेशीबाहेरील भागात एकामागे एक पाच क्षेत्रे असतात आणि लगतच्या दोन क्षेत्रांच्या सांध्यात प्रत्येकी तीन कॅल्शियम आयन बसतात. ते काढून घेतले की ताठ रेणू लवचीक होतो, पकड सुटते आणि ट्रिप्सिन त्याचे सहज तुकडे करते. म्हणून कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए हे रसायन असलेल्या बफरमध्ये हे प्रथिन वापरणे म्हणजे प्रयोग सुरू होण्याआधीच त्याचे कार्य थांबवणे होय. फॉस्फेट भरपूर असलेल्या बफरमध्ये नंतर जास्त कॅल्शियम घातले तर गाळ बसू शकतो. ट्रिस किंवा हेपेस बफरमध्ये १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम ठेवणे अधिक सुरक्षित असते.

उंदीर आणि माणूस यांची अदलाबदल काही प्रयोगांत चालते, हे मान्य करायला हवे; दोन्हींचे पहिले क्षेत्र बरेच सारखे आहे. परंतु लिस्टेरिया जीवाणूचे इंटर्नलिन-ए हे प्रथिन माणसाच्या ई-कॅडहेरिनला चिकटते आणि उंदराच्या ई-कॅडहेरिनला चिकटत नाही. या फरकाचे मूळ १६ व्या स्थानी आहे, जिथे माणसात प्रोलिन असते आणि उंदरात ग्लुटामिक आम्ल. एका अमिनो आम्लाने संसर्गाचा मार्ग उघडतो किंवा बंद होतो, तिथे एकूण साम्याच्या टक्केवारीवर भिस्त ठेवता येत नाही.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (जेलवर वेगळे केलेले प्रथिन प्रतिपिंडाने ओळखण्याच्या चाचणीत) फक्त तुलनेची पट्टी हवी असेल, तर वरच्या बहुतेक आक्षेपांना महत्त्व उरत नाही, कारण तिथे प्रथिन उलगडलेलेच असते. पेशी चिकटवायच्या असतील तर मात्र कार्याची चाचणी टाळता येत नाही. एफसी (प्रतिपिंडाचा शेपटीकडचा भाग) जोडलेल्या ई-कॅडहेरिनचा थर दिलेल्या पृष्ठभागाशेजारी केवळ एफसीचा थर ठेवावा. मॅक्रोफेजसारख्या भक्षक पेशी एफसीलाच धरतात, म्हणून त्यांच्यासोबत काम करताना हे नियंत्रण अपरिहार्य आहे. कॅल्शियम काढण्यासाठी ईडीटीएऐवजी मुख्यतः कॅल्शियमच बांधणारे ईजीटीए वापरावे, कारण ईडीटीए मॅग्नेशियमही बांधून ठेवते आणि मग मॅग्नेशियमवर अवलंबून असलेल्या इंटेग्रिन या दुसऱ्या चिकटवणाऱ्या प्रथिनाची पकड सुटली की ई-कॅडहेरिनची, हे कळत नाही. प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या उंदराच्या एल पेशींमध्ये मुळात ई-कॅडहेरिन नसते. त्याचे जनुक घातलेल्या एल पेशी थरावर चिकटल्या, मूळ एल पेशी चिकटल्या नाहीत आणि ईजीटीए घालताच चिकटलेल्या सुटल्या, तर हातातील प्रथिन कार्यक्षम आहे असे म्हणता येते.