काटा बारावरच होता

परवा फाटकाची निखळलेली बिजागरी जोडायला वेल्डिंगचं मिग मशीन बाहेर काढलं. पहिले दोन टाके झकास पडले. मग शेजारचे काका आले, कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढून मशीनमागे बसले आणि "चालू दे तुझं" म्हणाले. तिसरा टाका मारला, काच वर केली, तर लोखंडाला वाळवी लागलेली. वेल्डिंगवाले ज्यांना ब्लो होल म्हणतात ती भोकं, एकाला लागून एक.

काकांनी उभी नोकरी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढली. वेल्डरना रॉडची पाकिटं मोजून द्यायची आणि वहीत सही घ्यायची. रॉड त्यांनी किती जाळले ते देव जाणे, पण मोजले उदंड.

"यात रॉड कुठाय?"

"रॉड नसतो काका. रिळावरची वायर आपोआप पुढे येते."

"आपोआप!" काकांनी तो शब्द असा उच्चारला की मला माझीच लाज वाटली. "आणि रॉडवर ते कवच असायचं, त्याचं काय?"

"ते काम इथे गॅस करतो. वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही."

"गॅस दिसतो?"

"नाही."

"मग येतोय कशावरून?"

मी मोठ्या समजूतदारपणे हसलो आणि गॅसच्या सिलिंडरवरच्या रेग्युलेटरच्या काट्याकडे बोट केलं. मिनिटाला बारा लिटर. आता बघाच ना, काटा आहे!

पुढचा दीड तास मी जे काही केलं ते पुस्तकाबरहुकूम होतं, हे मला इथे नोंदवून ठेवायचंय. टॉर्चच्या, म्हणजे हातातल्या वेल्डिंगच्या बंदुकीच्या, नोझलमध्ये उडालेल्या थेंबांचं कडं जमलं होतं, ते खरवडलं. बिजागरीवरचा रंग आणि गंज ग्राइंडरने चकचकीत होईपर्यंत घासला, कारण रंग, तेल, गंज जळले की त्यांचाही वायू होतो आणि तो टाक्यात अडकतो. अर्थचा चिमटा रंगावरच लावला होता, तो उघड्या लोखंडावर आणला. याने आर्क, म्हणजे वेल्डिंगची ज्योत, सुधारला, भोकं जिथल्या तिथे. वायर जिथून बाहेर येते त्या टिपपासून ती दहा-बारा मिलिमीटरच बाहेर ठेवली. वाऱ्याने गॅस उडतो म्हणून पंखा बंद केला. यावर काका म्हणाले, "उकडतंय रे." शेवटी गॅस वीस लिटरवर नेला. हा खरं तर गाढवपणा, कारण गॅस फार जोरात सोडला की तो नोझलशी भोवरे करून बाहेरची हवाच आत ओढतो. पण माणूस चिडला की चावी पिरगाळतो. परत बारावर आणला.

या गडबडीत टॉर्च फार जवळ गेली आणि वायर टिपलाच जळून चिकटली. वायर पुढे ढकलणाऱ्या रोलरना त्याचं काय! मी त्यांचा दाब अंमळ जास्तच आवळून ठेवला होता, त्यामुळे पुढे वाट बंद असतानाही ते वायर ढकलत राहिले. झाकण उघडलं तर आत वायरच्या गुंत्याचं चिमणीचं घरटं. मी ते कापत बसलो असताना काका वाकून म्हणाले, "बघ, रॉडचं असं होत नाही." खरंच होत नाही. खऱ्या गोष्टी लोक इतक्या चुकीच्या वेळी का बोलतात?

नवी टिप बसवली, दाब सैल केला. टाका मारला. भोकं.

"आण इकडे," काका उठले. माझं हेल्मेट चढवलं, टॉर्च उलट्या बाजूने धरली, मी ती सुलट करून दिली, आणि त्यांनी ट्रिगर दाबला. पत्र्यावर एकसारखा पाऊस पडावा तसा आवाज. इंचभर टाका, एकही भोक नाही. काका स्वतःही दचकले असावेत, पण क्षणभरच. "हात लागतो," म्हणाले आणि स्टुलावर जाऊन बसले. मी पुन्हा बसलो. भोकं. ते उठले, मारला, स्वच्छ. ते बसले, मी मारला, चाळणी. तेवढ्यात बायको बाहेर आली आणि तिने ही एकच फेरी पाहिली. एकच पुरली.

काका जेवायला गेल्यावर मी एकट्याने टाका मारला. स्वच्छ! पाच मिनिटं मला खरोखर वाटलं, की काका हाताला गुण देऊन गेले. मग आवराआवर करताना सिलिंडरकडून मशीनकडे जाणारा गॅसचा पाइप उचलला. मधोमध चपटा, आणि त्यावर गोल वण. स्टुलाच्या एका पायाची रबरी टोपी कधीच हरवलीय. त्या पायाखाली पाइप, आणि वर काका.

आणि काटा? तो बारावरच. कारण काट्याचा हा रेग्युलेटर गॅस मोजतच नाही. तो एका बारीक छिद्रामागचा दाब मोजतो आणि तबकडीवर लिटर लिहिलेले असतात, इतकंच. पुढे पाइप कोणी दाबून धरला तरी दाब कायम, म्हणून काटा बिनधास्त बारा लिटरची साक्ष देत राहतो. काचेच्या नळीत गोळी तरंगते तो फ्लोमीटर असता तर ट्रिगर दाबल्याबरोबर गोळी तळाशी दिसली असती. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी काट्याला मान दिला, म्हणून जास्त जळतंय. मशीनच्या पुस्तकात भोकांच्या रकान्यात काय छापलंय? 'गॅस तपासा.' कसा, ते नाही. 'येतोय कशावरून' हे त्या दिवसभरात विचारलेला एकमेव शहाणा प्रश्न होता, आणि तो विचारला कोणी, तर पाइपवर बसलेल्या माणसाने.

संध्याकाळी मी तो चपटा पाइप बायकोला दाखवला. वण दाखवला, स्टूल दाखवलं, पाय वणावर ठेवूनही दाखवला. तिने सगळं शांतपणे पाहिलं.

"म्हणजे दोष स्टुलाचा," ती म्हणाली. "काकांचा टाका चांगलाच होता ना?"

होता. बिजागरीवर अजून आहे. काका येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. शेजारची भोकं माझी, तीही दाखवतात.