आधी मेल पोचू तर द्या

ईमेलने गिऱ्हाइकांना जाहिरात कशी पाठवावी यावरच्या या लेखात सगळा भर चटकदार सब्जेक्ट लाइनवर आहे. ती हवीच, पण मेल स्पॅममध्ये जाऊन पडला तर तिचं कौतुक करणार कोण? दिवसाला ५,००० च्या वर मेल धाडणाऱ्यांना जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून चाप लावलाय: एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच त्याच पाठवणाऱ्याकडून आलाय का, हे पडताळायच्या सोयी) हवंच, एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडता आलं पाहिजे आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत. म्हणजे हजारात तिघं वैतागले तरी गोत्यात! ईमेल पत्त्यांच्या विकत घेतलेल्या याद्यांवर भरवसा ठेवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

ओपन रेटवरही (किती जणांनी मेल उघडला, त्या टक्क्यावर) फार जाऊ नका. मेलमधलं चित्र उतरलं की तो उघडला असं धरतात. २०२१ पासून ॲपलचं मेल ॲप चित्रं परस्पर आधीच उतरवून घेतं, त्यामुळे न उघडलेला मेलही 'उघडला' दिसतो. क्लिक मोजा, ऑर्डरी मोजा.

दिवाळीत फराळवाल्यांचे मेल येतात ते म्हणजे अख्खं पोस्टर एकाच चित्रात. चित्रं बंद असली की उरतो कोरा चौकोन. ना भाव, ना ऑर्डरची शेवटची तारीख. वर पाठवणार 'नो-रिप्लाय'वरून, म्हणजे उलट उत्तर न घेणाऱ्या पत्त्यावरून. चकली भाजणीची की तांदळाची, हे गिऱ्हाइकाने विचारायचं कुठे?