एत्रोग म्हणजे लिंबू नव्हे

ज्यू लोकांच्या सुक्कोत या सुगीच्या सणाविषयी एक मजकूर मराठीत वारंवार पुढे पाठवला जातो. त्याप्रमाणे भाविक हातात लिंबू, ताडाचे पान, मेंदी आणि विलोच्या डहाळ्या धरतात, या चारही वनस्पतींची नावे तोरेत, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, आहेत आणि टोक नसलेले फळ बाद ठरते. विलोचा उल्लेख सोडला, तर यातील एकही विधान जसेच्या तसे खरे नाही.

या विधीत हाती धरतात ते एत्रोग हे फळ म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात असलेले मातुलिंग तेच. महाळुंग ही लिंबूवर्गातील मूळ जातींपैकी एक असून कागदी लिंबू आणि पाश्चात्त्य पिवळे लिंबू ही दोन्ही तिच्या संकरातून झालेली आहेत. ज्या परंपरेत लिंबाच्या खुंटावर कलम केलेले महाळुंगही बहुतेक धर्मशास्त्री नाकारतात, त्या परंपरेत लिंबू चालते असे म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

लुलाव, म्हणजे विधीतले ते पान, ताडाचा नसून खजुराचा असतो, आणि तोही न उमललेल्या पानाचा.

मेंदीची चूक मात्र समजण्यासारखी आहे, कारण विधीत वापरतात त्या हदास या झुडपाला आपल्याकडे विलायती मेंदी म्हणतात. हात रंगवण्याच्या मेंदीशी त्याचे जवळचे नाते नाही. हदासची पाने सुगंधी असतात आणि विधीसाठी एकाच पेरावर तीन पाने असलेली डहाळी निवडतात. मेंदीची पाने समोरासमोर दोन-दोन येतात.

नावांविषयी बोलायचे, तर तोरेतील लेवीय या ग्रंथात (23:40) खजूर आणि ओढ्याकाठचा विलो ओळखता येतात. उरलेल्या दोहोंबद्दल केवळ ‘शोभिवंत झाडाचे फळ’ आणि ‘दाट पानांच्या झाडाची फांदी’ एवढेच आहे. ती महाळुंग आणि हदास होत, हे परंपरेने ठरवले, आणि ती परंपरा जुनी आहे: रोमविरुद्धच्या 132 ते 135 या काळातील उठावाचा नेता बार कोखबा याच्या एका पत्रात चारही वनस्पती नावानिशी मागवलेल्या आहेत.

राहिले टोक, म्हणजे पितम. ते फुलाच्या स्त्रीकेसराचा फळावर टिकून राहिलेला भाग असते. मिश्ना या ज्यूंच्या प्राचीन धर्मनियमांच्या संग्रहात पितम तुटलेले फळ बाद सांगितले आहे, त्यावरूनच हा गैरसमज पसरला असावा. परंतु झाडावर फळ वाढत असतानाच ज्याचे पितम आपोआप गळून पडते, ते महाळुंग पूर्णपणे ग्राह्य असते.