डॅली मेसेंजर: पैशासाठी गेला की खेळासाठी?

नानाचा मुद्दा सरळ होता. ऑगस्ट 1907 मध्ये सिडनीचा रग्बीपटू डॅली मेसेंजर ऑस्ट्रेलियाकडून न्यूझीलंडविरुद्ध रग्बी युनियनची, म्हणजे पंधरा जणांच्या हौशी रग्बीची, कसोटी खेळला आणि लगेच इंग्लंड दौऱ्यावर निघालेल्या न्यूझीलंडच्या बास्करव्हिलच्या व्यावसायिक संघात गेला. "पैशासाठीच ना? आणखी काय शोधायचं त्यात?"

"पैसा होताच, आणि त्यात वावगं काय?" बापू म्हणाला. "त्या जुलैत सिडनीच्या मैदानावर 50 हजारांवर लोक तिकीट काढून आले. आणि खेळाडू अलेक बर्डन जखमी झाला, कामाचे खाडे पडले, तेव्हा युनियनने हात वर केले. गेटचे पैसे संघटनेला, पदरमोड खेळाडूची. व्यावसायिक रग्बीचा घाट घालणारा गिल्टिनन आणि आपल्या सगळ्यांना माहीत असलेला क्रिकेटपटू व्हिक्टर ट्रंपर उगाच या भानगडीत पडले नाहीत."

"पण नुकसान त्याचंच झालं," नाना म्हणाला. "तो किकचा बादशहा. युनियनमध्ये ड्रॉप गोलला (चेंडू जमिनीवर टाकून उसळताच मारलेली किक) 4 गुण, पेनल्टीला 3, ट्रायनंतरच्या कन्व्हर्शन किकला 2. इंग्लंडच्या व्यावसायिक नॉर्दर्न युनियनमध्ये, म्हणजे पुढच्या रग्बी लीगमध्ये, गोल कुठलाही असो, 2 गुण. एक ड्रॉप, दोन पेनल्टी, एक कन्व्हर्शन धर. तिथे 12, इथे 8."

हिशेब चोख, पण अर्धाच, असं बापूचं म्हणणं. मेसेंजर सेंटर होता, म्हणजे मागच्या फळीत चेंडू घेऊन पळणारा. युनियनच्या पंधरामध्ये आठ फॉरवर्ड, त्यातले कडेचे दोघे स्क्रमपासून (दोन्ही संघांच्या फॉरवर्डची चेंडूसाठीची रेटारेटी) सुटून थेट चेंडू उचलणाऱ्या हाफबॅकच्या अंगावर येतात. चेंडू सेंटरपर्यंत पोहोचतो तोवर बचावाची रांग समोर उभी. नॉर्दर्न युनियनमध्ये 1906 मध्ये तेरा खेळाडू झाले ते नेमके हे दोघे काढून. लाइनआउट, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू दोन रांगांमध्ये फेकणं, तर 1897 मध्येच गेला होता. पकडलेला खेळाडू उठतो, चेंडू जमिनीवर ठेवून पायाने खेळात आणतो, त्यामुळे ढिगाऱ्यात खेळ अडकत नाही. पळणाऱ्या, बगल देणाऱ्या माणसाला याहून काय हवं?

इथे दादाने बापूला पकडलं. "हे त्याला आधी कुठे ठाऊक होतं? सिडनीतले ते तिन्ही व्यावसायिक सामने युनियनच्याच नियमांनी झाले. नवा खेळ बास्करव्हिलचा संघ इंग्लंडमध्ये लीड्सला पोहोचून शिकला."

बापूने मान्य केलं. सही केली तेव्हा पैसा, टिकला तो खेळामुळे. परतीचा रस्ताही नव्हता, युनियनची बंदी आजन्म होती. दौऱ्यात सर्वाधिक 146 गुण त्याचे. नॉर्दर्न युनियनविरुद्ध हेडिंग्लीची कसोटी 14-6 हरल्यावर चेल्सी 18-6, चेल्टनहॅम 8-5 जिंकून मालिका त्यांनी घेतली.

नाना अजून हटेना. "मग 1908 ची सिडनीची पहिली फायनल? त्याचा क्लब ईस्टर्न सबर्ब्स 14-12 हरला, आणि हा कांगारूंबरोबर, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संघाबरोबर, इंग्लंडच्या बोटीत!"

"म्हणजे त्याच्या एका गोलाचा फरक," दादा म्हणाला. "तुझ्या त्या 2 गुणांच्या गोलाचा. आणि पुढे 1911, 12, 13, तिन्ही वर्षं ईस्ट्स विजेते, कप्तान हाच."