‘सही करा आणि गप्प बसा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘मोठ्या कंपन्यांची हवामानाची आणि नैतिकतेची नाटकं’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. माझा पुतण्या नुकताच एका मोठ्या उत्पादन कंपनीत टेस्टिंग विभागात लागला आहे. त्यानेच तो मला पाठवला आणि वर लिहिलं, “काका, यात पटण्यासारखं बरंच आहे.” त्याला हे पटू नये, म्हणून लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं : नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडला जातो आणि जेवढा शोषला जातो, त्यांची वजाबाकी शून्यावर आणणं) म्हणजे झाडं लावून हात झटकणं. पुरवठादारांचं आणि ग्राहकांचं उत्सर्जन कंपनीच्या खात्यावर मांडणं ही कागदी करामत. एका कंपनीने कपात केल्याने जगाला काही फरक पडत नाही. आणि शेवटी नव्या नोकरदारांना सल्ला : आचारसंहितेवर सही करा, गप्प बसा, तक्रारीच्या हेल्पलाइनच्या नादी लागू नका, वरून आलेला आदेश पाळला की जबाबदारी वरच्यांची.

शेवटचा मुद्दा आधी घेतो. बाकीचे तीन मानले तर माणसाची समजूत चुकीची राहील, एवढंच. हा चौथा पाळला तर माणूस तुरुंगात जाऊ शकतो.

फोक्सवॅगनचं प्रकरण आठवा. सप्टेंबर २०१५मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने या कंपनीला नोटीस दिली. डिझेल गाडीची प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे, हे तिच्यातलं सॉफ्टवेअर स्टिअरिंगची स्थिती, वेग अशा खुणांवरून ओळखायचं. तेवढ्या वेळापुरती प्रदूषण रोखणारी यंत्रणा नीट चालायची, गाडी रस्त्यावर आली की ढिली पडायची. रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण तिथल्या मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होतं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या विकल्या गेल्या होत्या. कंपनीकडे आचारसंहिता होती. नोटीस येण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकाने तिला वाहन उद्योगात पहिलं स्थान दिलं होतं.

म्हणजे नुसता कागद कोणाला वाचवत नाही, हे मेसेजवाल्याचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. पण पुढे काय झालं ते तो सांगत नाही. त्या डिझेल इंजिनावर काम केलेला जेम्स लियांग नावाचा इंजिनिअर अमेरिकेतल्या कोर्टात उभा राहिला. तो सूत्रधार नव्हता, मालकावरच्या आंधळ्या निष्ठेतून त्याच्या हातून हे घडलं, अशी बाजू त्याच्या वकिलाने मांडली. ऑगस्ट २०१७मध्ये शिक्षा झाली : ४० महिने कैद आणि २ लाख डॉलर दंड. सरकारी वकिलांनी मागितली होती त्याहून जास्त. ‘जबाबदारी वरच्यांची’ या सल्ल्याची किंमत ही.

आता माझ्या पुतण्याचं टेबल बघा. रीडिंग मर्यादेच्या वर येतं. साहेब म्हणतात, “पुन्हा घे, आणि आधीचं काढून टाक.” पुन्हा घ्यायला काहीच हरकत नाही. पण पहिलं रीडिंग नोंदवहीत राहिलंच पाहिजे, वेळेसकट. काढायला सांगितलं तर ‘असं सांगण्यात आलं आहे, खात्री करावी’ असा मेल करायचा. तो नको असेल तर साहेबांनी तोंडी दिलेला आदेश मागे घ्यावा. बहुतेक वेळा प्रकरण इथेच मिटतं.

तक्रार करणाऱ्याला त्रास होतो, हेही खरं आहे. बदली होते, बढती रखडते, डब्याला सोबत कोणी बसत नाही. म्हणूनच तर युरोपीय संघाने २०१९मध्ये अशा माणसांवर सूड उगवायला बंदी घालणारा निर्देश काढला. हेल्पलाइनवर फोन करण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या : तक्रार संचालक मंडळाच्या ऑडिट समितीकडे जाते, की ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच साहेबाकडे? दुसरं असेल तर ती हेल्पलाइन सुधारण्यासाठी भांडा. पण तोंड बंद ठेवा असं पोरांना शिकवू नका.

झाडांचा मुद्दा अर्धा खरा आहे. कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कपातीचं श्रेय, विकत घेऊन ‘कार्बन न्यूट्रल’चा शिक्का मारणाऱ्या कंपन्या आहेतच. ‘टनभर मालामागे उत्सर्जनात २० टक्के घट’ अशी जाहिरात आणि उत्पादन दीडपट, म्हणजे एकूण उत्सर्जन २० टक्के वाढलेलंच. हे बघायला शिका. मात्र नेट झिरोची व्याख्या ही नाही. कंपन्यांची हवामानाची उद्दिष्टं तपासणाऱ्या ‘सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह’च्या २०२१च्या मानकात दीर्घ मुदतीत साधारण ९० टक्के प्रत्यक्ष कपात करावी लागते आणि उरलेल्यापुरतंच कार्बन शोषून घेण्याचं साधन चालतं. वाईट कंपनीने शब्द बदनाम केला म्हणून मोजमापच टाकून द्यायचं का?

‘कागदी करामत’ म्हणणाऱ्याने एकदा मोटार कंपनीचा हिशेब बघावा. उत्सर्जनाचा बहुतांश वाटा गाडी विकल्यानंतर इंधन जळताना होतो. फक्त कारखान्याची चिमणी मोजली तर हा सगळा धूर कंपनीच्या खात्यावर येत नाही. ‘स्कोप ३’, म्हणजे पुरवठादारांचं आणि ग्राहकांचं उत्सर्जन मांडणारा रकाना, त्यासाठीच आहे.

आणि ‘एका कंपनीने काय होणार’? लोखंडाच्या खनिजातला ऑक्सिजन काढायला कोळशाऐवजी हायड्रोजन वापरता येतो, हे स्वीडनमध्ये करून दाखवलं आहे. तसं बनलेलं पहिलं पोलाद एसएसएबी या तिथल्या पोलाद कंपनीने ऑगस्ट २०२१मध्ये व्होल्वोला दिलं. पुरवठादाराकडे असं पोलाद मागणारा खरेदीदार नसेल, तर ती भट्टी बांधायला पैसा कोण घालेल?